चाळीस अंश

शिरपुरात ‘चाळीस अंश’ म्हटलं की माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग पंख्याकडे. मार्च सरला की हा आकडा तापीकाठच्या गावांत रोजच्या बोलण्यात येतो, आणि मे महिन्यात तर ‘आज चाळीसच आहे’ असं दिलासा दिल्यासारखं सांगतात. या प्रकरणातले चाळीस अंश उन्हाचे नाहीत, कोनाचे आहेत. खुर्चीची पाठ उभ्या रेषेपासून किती मागे कलते, ते मोजणारे. विमानाच्या पुढच्या भागातल्या ज्या आसनांसाठी मागच्यांच्या कित्येक पट भाडं मोजावं लागतं, त्यांची गोष्ट याच कोनाभोवती फिरते. ती समजून घ्यायला मला विमानतळापेक्षा शिरपूरचं बसस्थानक जास्त सोयीचं वाटतं.

शिरपूरला अजून रेल्वे नाही. जवळचं स्टेशन नरडाणा, तेही सुरत-भुसावळ मार्गावरचं. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यावरून गाडी धावेल तेव्हा धावेल. गावाजवळ धावपट्टी आहे, पण तिच्यावर वैमानिक होऊ घातलेली पोरं शिकाऊ विमानं चालवतात, प्रवाशांचं विमान उतरत नाही. त्यामुळे लेकीकडे अमेरिकेला निघालेले इथले म्हातारा-म्हातारी आधी मुंबई गाठायला आग्रा रोडवर पावणेचारशे किलोमीटर बसतात. सावळद्याचा तापीवरचा पूल, नरडाणा, तांब्यापितळेच्या भांड्यांचं सोनगीर, धुळे, लळिंगचा घाट, मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा. विमानात पाय ठेवायच्या आधीच आठ-नऊ तासांचं बसणं अंगात मुरलेलं असतं. आसनांच्या जाहिराती हा हिशेब धरत नाहीत. शरीर धरतं.

माझी थोरली आत्या, घरात सगळे तिला जिजी म्हणतात, अशीच निघाली होती. नोव्हेंबर महिना, शेतात कापसाची वेचणी चालू, आणि जिजी न्यू जर्सीला. सोबत मी. जिजीची उंची पावणेपाच फूट, वजन बेताचं, गुडघे कुरकुरणारे, आणि बसण्याची एकच रीत ठाऊक: मांडी घालून. एसटीच्या निमआराम गाडीत तिने चपला काढल्या, पाय वर घेतले, मालेगाव सुटल्यावर डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि चांदवडपर्यंत ती गाढ झोपली. पुढे विमानात पंधरा-सोळा तासांत तिला मिळून तासभरही झोप लागली नाही. गादी एसटीपेक्षा जाड होती, पांघरूण होतं, समोर पडदा होता. तरीही. त्या ‘तरीही’चं उत्तर शोधता शोधता हे प्रकरण लिहून झालं.

‘निमआराम’ हा शब्द एसटीने मराठीला दिलेल्या उत्तम देणग्यांपैकी एक आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. अर्धा आराम. इतकं खरं बोलणारं नाव जगातल्या कुठल्याही विमानकंपनीने आपल्या वर्गाला दिलेलं नाही. योगायोग बघा: १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि बरोबर आठवड्याने, ८ जूनला, ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर-इंडिया इंटरनॅशनलचं लॉकहीड कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. आत ३५ प्रवासी होते. म्हणजे मराठी माणसाला बसमधलं आसन आणि परदेशी जाणाऱ्या विमानातलं आसन एकाच पंधरवड्यात मिळालं. पुढे दोन्हीकडे आरामाच्या पायऱ्या पडत गेल्या. एसटीने पन्नाशीच्या दशकात महाबळेश्वरसाठी पडदे आणि घड्याळ असलेली ‘नीलकमल’ आणली. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनंतर निमआराम गाड्यांना ‘एशियाड’ हे नाव चिकटलं ते कायमचंच. विमानात १९७१ साली एअर इंडियाचं जंबो आलं, ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी आणि गोल जिन्याने चढून गेलं की वरच्या मजल्यावर बैठकीची खोली. पण हे सगळं होईपर्यंत माणूस बसलेलाच होता. पहिल्या वर्गातही तो रेलायचा, पाय ताणायचा. पूर्ण आडवा क्वचितच व्हायचा.

आता जरा बसण्याकडेच बघू. आपण बसतो ते ओटीपोटाच्या हाडाच्या खालच्या दोन उंचवट्यांवर. कडक बाकावर बसल्यावर जे टोचतं ते तेच. धडाचं बरंचसं वजन तिथे, थोड्याशा जागेत उतरतं. त्या ठिकाणच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, मेंदूला तक्रार जाते आणि माणूस चुळबुळतो. चुळबूळ हा औषधोपचार आहे. शाळेत बाई ‘नीट बस’ म्हणायच्या तेव्हा आपलं शरीर नीटच बसलेलं असायचं. खुर्ची चांगली की वाईट हे ठरवताना ती किती मऊ आहे हे आपण हाताने दाबून बघतो. तपासायचं असतं ते हे की तिच्यात किती प्रकारे बसता येतं. एसटीच्या दोघांच्या बाकावर जिजीला मांडी घालता आली, एक पाय सोडता आला, आडवं कललं तरी चाललं. विमानात दोन हातांच्या मध्ये सतरा-अठरा इंचांची एकच जागा.

पाठीचा प्रश्न वेगळा. स्वीडनमधले अस्थिविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांत सुई घालून आतला दाब मोजला. उभं असताना तो १०० धरला तर पाठीवर उताणं पडल्यावर साधारण २५, आणि आधाराशिवाय बसल्यावर १४०. हे आकडे जगभरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यांतल्या भिंतींवर जाऊन बसले. १९९९ साली जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एकाच माणसाच्या चकतीत सूक्ष्म यंत्र ठेवून दिवसभर मोजमाप केलं, तेव्हा उभं राहणं आणि बसणं यांत इतका फरक निघाला नाही. दोन्ही जवळपास सारखेच. पण दोन गोष्टी पक्क्या झाल्या: आडवं पडल्यावरचा दाब उभ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा, आणि खुर्चीत सैलावून मागे रेलल्यावरचा दाब ताठ बसण्यापेक्षा बराच कमी. आपल्याकडच्या पेढीवर लोडाला टेकून, एक पाय दुमडून, अर्धवट कललेला सराफ आठवा. जळगावच्या जुन्या पेढ्यांवर ही बैठक अजून दिसते. मणक्यांच्या दृष्टीने तो माणूस अत्यंत शहाणपणाने बसलेला असतो. त्याच्यासमोर ताठ खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक पाठीचं भाडं भरत असतं.

आणि झोप? इथे ते चाळीस अंश येतात. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत निकल्सन आणि स्टोन या दोघांनी १९८७ साली एक सरळसोट प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना रात्रभर वेगवेगळ्या कोनांत झोपवायचं. एक सपाट पलंग. एक आसन उभ्या रेषेपासून ४९.५ अंश कललेलं, दुसरं ३७ अंश, आणि तिसरी १७.५ अंशांची साधी आरामखुर्ची. डोक्याला तारा लावून झोप मोजली. जसजशी पाठ उभी होत गेली तसतशी झोप तुटक होत गेली, आणि १७.५ अंशांत ती झोप म्हणण्याच्या लायकीची राहिली नाही. निष्कर्ष असा की बरी झोप हवी असेल तर पाठ उभ्या रेषेपासून सुमारे चाळीस अंश तरी मागे जायला हवी.

असं का होतं ते डुलकी लागलेल्या कुठल्याही प्रवाशाकडे बघून कळतं. झोप खोल होऊ लागली की मानेचे स्नायू सैल पडतात. स्वप्नांच्या झोपेत तर जवळजवळ पूर्ण. डोक्याचं वजन चार-पाच किलो. पाठ उभी असेल तर हे ओझं कुठेतरी कलंडणारच. कलंडलं की माणूस दचकून जागा होतो, ओशाळून शेजाऱ्याकडे बघतो, पुन्हा डोळे मिटतो. रात्रभर हाच खेळ. चाळीस अंशांपलीकडे डोक्याचं वजन आसन स्वतः पेलायला लागतं. जिजीला एसटीत हा आधार माझ्या खांद्याने दिला होता. खांदा विमानातही होताच की. मग?

विमानात वेगळीच भानगड झाली. टेकऑफनंतर तासाभरात तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, “पाय लटकी राहिनात रे भाऊ.” पाहिलं तर खरंच तिची पावलं जमिनीच्या वर दोन-तीन बोटं लोंबकळत होती. विमानाच्या आसनाची उंची साधारण सतरा-अठरा इंच असते. पाश्चात्त्य सरासरी माणसाच्या पोटरीला ती जमते. पावणेपाच फुटी बाईचे पाय तिथून जमिनीला पोचत नाहीत. मग आसनाची पुढची कडा गुडघ्यामागच्या मऊ भागात रुतते, रक्त परत वर चढायला अडथळा होतो आणि पायांना मुंग्या येतात. मी माझी सॅक तिच्या पायांखाली सारली. दहा मिनिटांनी तिचा चेहरा सैल झाला. एका कापडी पिशवीने जे झालं ते तासभर पांघरूण, उशी आणि हवाईसुंदरीच्या हसण्याने झालं नव्हतं. तोवर झोपेची वेळ मात्र निघून गेली होती.

या चाळीस अंशांची सर्वात बोलकी साक्ष विमानउद्योग स्वतःच देतो, आणि ती फारशी कुणी वाचत नाही. लांबच्या उड्डाणांत वैमानिक आळीपाळीने विश्रांती घेतात. ही विश्रांती कुठे घ्यायची, याचे २०१४ पासून लागू असलेले अमेरिकी नियम तीन दर्जे सांगतात. पहिला दर्जा: पूर्ण आडवं झोपता येईल असा बंक, प्रवाशांपासून वेगळ्या जागेत, उजेड आणि तापमान हातात. दुसरा: सपाट किंवा जवळजवळ सपाट होणारं आसन, पडद्याआड. तिसरा: निदान ४० अंश मागे कलणारं आणि पाय-पावलांना आधार देणारं आसन. जितका वरचा दर्जा तितके जास्त तास वैमानिकाला कामावर राहू देतात. मागच्या वर्गातलं साधं आसन, जे फार तर वीस-पंचवीस अंशांपर्यंत कलतं, या यादीतच नाही. ज्या खुर्चीत बसवून कंपनी तुम्हाला ‘रात्रीच्या विश्रांतीसाठी दिवे मंद करत आहोत’ म्हणून सांगते, त्या खुर्चीत वैमानिक विश्रांती घेऊ शकतो असं नियम मानत नाहीत. याउपर मला त्या खुर्चीवर टीका करायची गरज वाटत नाही.

बिझनेस क्लास नावाची गोष्ट १९७८-७९ च्या सुमारास आली. पूर्ण भाडं भरणाऱ्या कामकाजी माणसाला स्वस्त तिकिटवाल्यांपासून वेगळं काढायचं, इतकाच मूळ हेतू. आसन थोडं रुंद, पेय फुकट. खरी उडी पुढे झाली. ब्रिटिश एअरवेजने १९९० च्या दशकाच्या मध्यावर पहिल्या वर्गात आणि २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारं आसन आणलं. जागा भागवायला त्यांनी एक आसन पुढे तोंड करून आणि शेजारचं मागे तोंड करून बसवलं. माणसाचे खांदे रुंद आणि पाय अरुंद, हे ओळखून एकाच्या खांद्यालगत दुसऱ्याचे पाय. दामटून भरलेल्या काळीपिवळीतही प्रवासी असेच एकाआड एक खांदे पुढेमागे करून बसतात; तत्त्व तेच, तिकीट वेगळं.

मधल्या काळात बऱ्याच कंपन्यांनी पळवाट काढली. आसन सरळ होणार पण आडवं होणार नाही, तिरकस राहणार. कागदावर १८० अंश, प्रत्यक्षात घसरगुंडी. अशा आसनावर मी एकदा रात्र काढली आहे. दर अर्ध्या तासाने मी पायथ्याशी गोळा झालेलो असायचो आणि कोपरांवर जोर देऊन वर सरकायचो. पहाटेपर्यंत पांघरूण, उशी आणि मी असे तिघेही गुडघ्यांच्या जागी जमलो होतो. पाठ आणि मांड्या यांच्यातला कोन कितीही सरळ असला तरी गुरुत्वाकर्षण जमिनीशी होणारा कोन मोजतं. विमान उडताना नाक दोन-तीन अंश वर ठेवूनच जातं. चांगले आसनकार त्याचाही हिशेब धरतात.

आजच्या आसनांत उशाच्या बाजूला ऐसपैस जागा आणि पायथ्याशी पुढच्याच्या बाजूच्या कपाटाखाली एक बोळ असतो. लांबी सहा-साडेसहा फूट. एअर इंडियाच्या ए-३५० विमानात असे दार लावता येणारे २८ कक्ष आहेत, त्यामागे प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि मागे साधी २६४ आसनं. आकडे नीट बघितले तर विमानाचं अर्थशास्त्र दिसतं: पुढच्या अठ्ठावीस जणांना मिळालेली जमीन मागच्या कितीतरी जणांकडून घेतलेली असते. प्रीमियम इकॉनॉमी ही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची कल्पना. ए-३५० मध्ये एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत ३८ इंच, मागे ३१. सात इंच जास्त, कोन थोडा जास्त, पोटऱ्यांना टेकू. पण चाळीस अंशांचा उंबरठा बहुधा ओलांडला जात नाही. विमानातली ही निमआरामच. नाव द्यायला एसटीकडून घ्यावं.

गादीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिच्याबद्दलचे गैरसमज जास्त. दाबल्यावर हाताचा ठसा उमटून हळूहळू भरून येणारा फोम आता पुण्या-मुंबईच्या प्रत्येक गादीवाल्याकडे असतो. तो जन्मला १९६६ साली, नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना, चार्ल्स योस्ट यांच्या हातून, विमानाच्या आसनासाठीच. धक्का शोषणं आणि वजन पसरवणं ही त्याची दोन कामं. वजन जितक्या जास्त कातडीवर पसरेल तितका दर चौरस इंचाचा दाब कमी. हे आपल्या बाजेला शतकानुशतकं येत होतं. सुतळीने विणलेली बाज माणूस पडला की त्याच्या अंगाच्या आकाराने खोलावते, खांदा आणि नितंब जिथे जड तिथे जास्त, कंबर हलकी तिथे कमी. शिवाय खालून वारा. फोमला वारा जमत नाही. तो अंगाची ऊब धरून ठेवतो. विमानातल्या गादीला आणखी दोन बंधनं. ती पेटता कामा नये, म्हणून फोमवर १९८० च्या दशकापासून अग्निरोधक आवरण असतं. आणि आसन आपटताना सोळापट गुरुत्वाइतका धक्का सोसून जागेवर राहिलं पाहिजे, असा १९८८ चा अमेरिकी नियम. म्हणून सगळं आतून धातूचं. उतरताना तुमचा लाखमोलाचा पलंग पुन्हा खुर्ची करून ताठ बसवतात तेही याचसाठी. मुंबईच्या स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये मात्र हजारभर रुपयांत पूर्ण १८० अंश मिळतात आणि कसाऱ्याच्या उतारालाही कुणी उठवत नाही. तिथे पट्टा नाही, सोळापट सोडाच, दुप्पट धक्क्याचाही कुणी विचार केलेला नसतो. स्वस्त आडवेपणाची ती किंमत आहे, फक्त तिकिटावर छापलेली नसते.

जागा कुठली निवडावी, यात एसटीच्या प्रवाशाचं ज्ञान विमानात थेट चालतं. मागच्या चाकाच्या पाठीमागची शेवटची सीट कुणी मागून घेत नाही. खड्डा आला की ती चाकाच्या आसाभोवती तरफेसारखी उडते. विमानालाही हवेतल्या खड्ड्यांत शेपूट जास्त हलते, पंखांजवळचा भाग कमी. माणसाचं धड सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हेलकाव्यांना सर्वात जास्त साथ देतं, आणि बसचं हादरणं नेमकं त्याच टापूत येतं. म्हणून नाशिकपर्यंत पोट ढवळून निघतं. विमान त्या बाबतीत सोज्वळ. त्याचा त्रास हवेचा. आतला दाब आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ दिला जातो, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या दुपटीहून थोडा वर. नव्या विमानांत सहा हजारांच्या आसपास. हवा मे महिन्यातल्या खानदेशाइतकी कोरडी. यात पुढचा वर्ग आणि मागचा वर्ग असा भेद नाही. दोघे एकाच हवेत सुकतात.

आणि पायांत होणाऱ्या गुठळ्यांनाही वर्ग कळत नाही. १९७७ साली डॉक्टरांनी या आजाराला ‘इकॉनॉमी क्लास’चं नाव दिलं आणि बिचाऱ्या मागच्या प्रवाशांची भीती वाढवली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, आणि तो बस, रेल्वे, मोटार सगळीकडे लागू आहे. तरीही प्रत्यक्ष प्रमाण सुमारे सहा हजार प्रवाशांत एक. कारण आसन नव्हे, हालचाल बंद पडणं. पोटरीचे स्नायू हा रक्त वर ढकलणारा पंप. तो चालवायचा म्हणजे पावलं वरखाली करायची, तासा-दीड तासाने उठायचं. झोपेची गोळी आणि वाइन घेऊन नऊ तास निपचित पडलेला पुढचा प्रवासी यात फारसा सुरक्षित नाही. शिरपूरहून निघालेल्याने धुळ्याला, नाशिकला उतरून चहा घ्यावा तो याही कारणासाठी.

मे महिन्यात जिजी परतली. जावयाने साठवलेल्या पॉइंटांवर तिला बिझनेस क्लासचं तिकीट काढून दिलं होतं. मी मुंबईला घ्यायला गेलो. व्हीलचेअरवर बसून आली, चेहरा ताजा. मी घाईने विचारलं, “झोप उनी का, जिजी?” तिने मान हलवली, हो म्हणून. मग तक्रारी सुरू. बसल्यावर समोरच्या पायटेकूला पाय पोचतच नाहीत, तो सहा फुटी माणसाच्या मापाचा. बटणं इतकी की एक दाबलं तर भलताच भाग हलायचा. शेवटी तिने काय केलं? आसन सपाट करून घेतलं, त्यावर मांडी घातली, आणि गोधडीसारखी रजई पांघरून ती अख्खं जेवण तशीच बसून जेवली. “मस्त बाजंवर बसल्यासारखं,” म्हणाली. झांग, हेलँडर आणि ड्रुरी या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं की आराम आणि त्रास ही एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. त्रास हा कोन, दाब, मुंग्या यांतून येतो. आराम हा मनाला येतो, रंगातून, मोकळेपणातून, आपली कुणीतरी काळजी घेतंय या भावनेतून. त्रास गेला म्हणजे आराम आलाच असं नाही. जिजीच्या बाबतीत चाळीस अंशांनी त्रास घालवला असेल. आराम तिने मांडी घालून स्वतः मिळवला.

लोक मला विचारतात, पैसे खर्च करावेत का? माझं उत्तर वय आणि वेळ बघून बदलतं. दिवसाच्या उड्डाणाला नको. रात्रीच्या पंधरा तासांना, साठीपुढच्या माणसाला, परवडत असेल तर हो, पण आडव्या होणाऱ्या आसनासाठीच. निमआरामला पैसे घालण्यापेक्षा मुंबईत आदल्या रात्री पलंगावर झोपून मग विमान धरावं. उरलेल्या पैशांत वाटेकडेची जागा मागावी आणि पायांखाली घ्यायला कापडी पिशवी न्यावी.

शिरपूरला पोचलो त्या रात्री घरात तापमानाचा आकडा अजून पस्तिसावर होता. गच्चीवर बाजा टाकल्या होत्या. जिजीची बाज सहा महिने न वापरल्याने झोळ पडलेली. तिने नातवाला बोलावून पायथ्याकडची दोरी ओढून घ्यायला लावली, हाताने थापटून ताण बघितला, “आजून थोडी,” म्हणाली, आणि समाधान झाल्यावर आडवी झाली. पूर्ण सपाट. रात्री दोनला मी पाणी प्यायला उठलो तर ती उघड्या डोळ्यांनी चांदण्या बघत होती. न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते, चहाची वेळ. “झोपली नाहीस?” मी विचारलं. उठून तिने मांडी घातली आणि विचारलं, “चहा ठेवू का?”